आपाच्या नावाची शिष्यवृत्ती आपाला मिळाली असती का?

आपाच्या पहिल्या बरसीच्या आधी आम्ही भावंडं घरी जमलो होतो. वर्षभरात तिच्या नावानं एक लाख ऐंशी हजार रुपये गोळा झाले होते. त्यातून मुलींना शिक्षणासाठी मदत करायची, हे सगळ्यांना मान्य होतं. थोरल्या भाईजाननी सूचनेचा कागद तयार करून आणला होता. मोठ्यानं वाचून दाखवला. ‘मरहूमा यांच्या स्मरणार्थ गुणवंत विद्यार्थिनींसाठी शिष्यवृत्ती. बारावीत किमान ८० टक्के गुण आवश्यक. निवड झालेल्या विद्यार्थिनींचा मान्यवरांच्या हस्ते सत्कार करण्यात येईल.’

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. कागदात वावगं असं काहीच नव्हतं. अशा सूचना आपण मशिदीच्या फलकावर, शाळेच्या भिंतीवर आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर नेहमी वाचतो. आपाची मुलगी चहाचे कप गोळा करत होती. ती थांबून म्हणाली, “मामू, अम्मीला बारावीला ५४ टक्के होते ना? मग तिला ही मिळाली असती?”

कुणाकडेच उत्तर नव्हतं. कागद तसाच घडी करून भाईजाननी खिशात ठेवला. त्या प्रश्नानं मला त्या रात्री झोप लागली नाही. आज हे लिहितोय ते त्या प्रश्नामुळेच. आपल्या समाजात असे कागद दर वर्षी निघतात, आणि हा प्रश्न बहुधा कुणी विचारत नाही.

आपा आमच्यात सगळ्यात मोठी. अब्बांचं काम सुटलं तेव्हा ती बारावीत होती. सकाळी कॉलेज, दुपारी फॉल-पिको, रात्री शेजारच्या बायकांचे ब्लाउज. अभ्यास कधी करायची ते आम्हाला दिसलंच नाही. ५४ टक्के मिळाले तेव्हा घरात कुणी पेढे आणले नाहीत, कुणी रागावलंही नाही. पुढं बी.ए.ला नाव घालायची गोष्ट निघाली, त्याच वर्षी माझी अकरावी होती. दोघांच्या फिया आणि दोघांचं बसभाडं निघणार नव्हतं. आपा मला म्हणाली, “तू पढ रे, फीस का मैं देखती.” विषय तिथंच संपला. पुढची पाच वर्षं माझी फी शिलाई मशीनवरून आली.

म्हणजे शिष्यवृत्ती या गोष्टीशी आपाचा संबंध होताच. तिनं ती मला दिली होती. अर्ज मागवला नाही, टक्के विचारले नाहीत, फोटो काढला नाही. जूनमध्ये पैसे लागायचे तर जूनमध्येच दिले. तिच्या नावानं काही उभं करायचं असेल तर निदान तिच्या पद्धतीनं करायला नको का?

आधी आठवणीविषयी बोलू. आपल्याकडे माणूस गेल्यावर जियारत, चाळिसावा, बरसी होते. देग चढते, कुराणखानी होते, नातेवाईक येतात. काही जण याला बिदअत म्हणतात, काही जण डोळ्यांत पाणी आणून करतात. मला त्या वादात शिरायचं नाही. दुःखात चार माणसं घरी येऊन जेवतात, याचा आधार मीही घेतलाय. पण एक हदीस आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली आहे. माणूस गेला की त्याचं कर्म थांबतं, तीन गोष्टी तेवढ्या चालू राहतात. सतत वाहत राहणारं दान, लोकांना उपयोगी पडणारं ज्ञान आणि दुआ करणारी नेक औलाद. साद बिन उबादा यांची आई ते घरी नसताना वारली. तिच्या वतीनं मी दान केलं तर तिला पोचेल का, असं त्यांनी रसूलुल्लाहना विचारलं. होय, असं उत्तर आलं. तेव्हा त्यांनी आपली बाग आईच्या नावानं देऊन टाकली.

बागेत दर हंगामाला फळ येतं. सदका-ए-जारियाचा अर्थ मला या उदाहरणातून जास्त कळतो. आपल्याकडे मात्र त्याचा अर्थ मशिदीचा पंखा, भिंतीवरचं घड्याळ, पाण्याचा कूलर आणि त्यावर रंगवलेलं नाव एवढाच उरला आहे. पंखाही हवाच, उन्हाळ्यात त्याखाली मीही बसतो. पण एका गल्लीत चार कूलर आणि त्याच गल्लीत बारावीनंतर घरी बसलेल्या सहा मुली, असं असेल तर हिशेब कुठंतरी चुकतोय.

आता टक्क्यांकडे येतो. स्मृतिप्रीत्यर्थ गुणवंतांना बक्षीस देण्याची महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. मॅट्रिकला संस्कृतसाठी मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती कितीतरी पिढ्यांना माहीत आहे. हुशारीचा मान करायला माझा विरोध नाही. पण मान करणं वेगळं आणि वाट अडलेल्याला पुढं नेणं वेगळं. ९० टक्क्यांच्या मुलीसाठी निदान चार दरवाजे असतात. शाळा तिचा सत्कार करते, नगरसेवक बॅग देतो, संस्था तिला आपल्याकडे ओढतात, घरचेही म्हणतात की हिला शिकवू या. ५४ टक्क्यांच्या मुलीसाठी घरातली सभा पाच मिनिटांत संपते. ‘इतकंच डोकं आहे तर कशाला पैसा घालवायचा’ असं कुणीतरी म्हणतं आणि स्थळं बघायला सुरुवात होते.

आणि ते ५४ टक्के कुठल्या परिस्थितीत पडले, हे गुणपत्रिकेवर लिहिलेलं नसतं. दोन खोल्यांत सात माणसं, सकाळी पाण्याचा नंबर, धाकट्यांची आंघोळ, संध्याकाळी शिलाई किंवा विड्या. एवढं करून पास झालेली मुलगी कच्ची असते, असं मला वाटत नाही.

सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. देशातल्या ६ ते १४ वयाच्या मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के मुलं एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा मधेच गळाली होती. वीस वर्षांवरच्या मुस्लिमांमध्ये पदवीधर ४ टक्क्यांहूनही कमी होते, एकूण लोकसंख्येत ते प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास होतं. नंतर महाराष्ट्रात महमूदुर रहमान समितीही झाली, तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. त्यानंतर परिस्थिती काही प्रमाणात सुधारली आहे, मुली तर मुलांपेक्षा जास्त शिकताना मी माझ्याच मोहल्ल्यात बघतो. पण आपला प्रश्न गुणवंत कमी असण्याचा कधीच नव्हता. मधल्या पायऱ्यांवरून उतरून जाणाऱ्यांचा होता. टॉपरच्या सत्कारानं ती गळती थांबत नाही.

त्यात सरकारचा हातही आखडला आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून फक्त नववी-दहावीपुरती उरली, पहिली ते आठवीची बंद झाली. संशोधक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप बंद केल्याचं डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत सांगितलं गेलं. याविरुद्ध बोललं पाहिजे, लिहिलं पाहिजे, मागणी लावून धरली पाहिजे. आमच्या एक लाख ऐंशी हजारांनी सरकारची जबाबदारी संपत नाही. पण जी मुलगी या जूनमध्ये घरी बसणार आहे, तिला निवेदनाच्या उत्तराची वाट बघत ठेवता येत नाही.

दुसरीकडे एक चांगली गोष्टही झाली आहे. २०२४-२५ पासून महाराष्ट्र सरकारनं आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. मोमीन, बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या ओबीसीत येतात. पण त्यासाठी जातीचा दाखला लागतो. दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला शोधायला दुसऱ्या तालुक्याला चार खेपा माराव्या लागतात, आणि प्रत्येक खेपेला बापाचा एक दिवसाचा रोज बुडतो. फी माफ असते, पण माफीपर्यंत पोचायचे पैसे नसतात.

मुलींशी, त्यांच्या आयांशी बोलून मी एक यादी केली. फीशिवाय काय लागतं? बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत असतो, त्यापुढं कॉलेजला जायचं तर भाड्याचा प्रश्न उभा राहतो. प्रवेशाच्या वेळी भरायचं डिपॉझिट. मेसचे पैसे. झेरॉक्स, प्रॅक्टिकलच्या वह्या, परीक्षेचा फॉर्म. मोबाइलचा रिचार्ज, कारण नोट्स आता तिथंच येतात. दोन बरे ड्रेस. ही कुठलीच रक्कम मोठी नाही. पण यातल्या एकेका गोष्टीवर मुली घरी बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

आपल्या जुन्या मोठ्या माणसांना हे बरोबर कळलं होतं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहं काढायला सुरुवात केली, मुस्लिम मुलांसाठी १९०६ मध्ये सोय केली. त्यांनी मुलांना राहायला खोली आणि खायला अन्न दिलं, कारण खेड्यातलं पोर फीपेक्षा आधी तिथंच अडत होतं. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला सगळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी बोर्डिंग काढलं, त्याला पुढं शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. त्या बोर्डिंगात पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही विकलं. महाराजांचं खरं स्मारक रोजच्या भाकरीत होतं.

आता पैशाबद्दल, कारण घरातले खरे वाद तिथंच झाले.

पहिला वाद व्याजाचा. धाकट्या भावाचं म्हणणं, सगळी रक्कम बँकेत मुदत ठेवीत टाकावी आणि दर वर्षी व्याजातून शिष्यवृत्ती द्यावी. भाईजान म्हणाले, आपाच्या नावानं व्याज नको. मी दोघांसमोर कागद-पेन ठेवलं. सात टक्के धरले तरी वर्षाला १२,६०० रुपये होतात. त्यात एका मुलीचंही वर्ष नीट निघत नाही. उलट मूळ रक्कमच खर्च केली तर एका मुलीला वर्षाला १५ हजार, म्हणजे दहा महिने दीड हजार, असं तीन वर्षं देता येतं. चार मुलींची पदवी पूर्ण होते. बरोबर एक लाख ऐंशी हजार. पैसे संपतील, पण चार पदव्या उरतील. पुढच्यांसाठी घरातल्या आणि ओळखीच्या बारा जणांनी महिना ५०० रुपये दिले तर वर्षाला ७२ हजार जमतात. नाव कायम राहावं म्हणून रक्कम गोठवून ठेवायची गरज नाही. नाव टिकवायचं तर दर महिन्याला आपणच ते आठवलं पाहिजे.

दुसरा वाद जकातीचा. आखातातल्या चुलतभावानं पाठवलेली रक्कम जकातीची होती. ती सरसकट एकत्र करता येत नाही. सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. बहुतेक उलेमांच्या मते जकात गरजू मुस्लिमाच्या हातात, त्याच्या मालकीची म्हणून पडली पाहिजे. हॉलचं भाडं, बॅनर, शाली हे त्यातून चालत नाही. म्हणून आम्ही दोन वह्या केल्या. एक जकातीची, दुसरी इतर मदतीची. जकातीचा पैसा थेट मुलीच्या खात्यावर, आणि तिची पात्रता आधी पाहून.

दुसऱ्या वहीतून तिसरा वाद निघाला. ही मदत फक्त आपल्याच मुलींना द्यायची का? त्या वहीत पहिली नावं आपाच्या गिऱ्हाइकांची आहेत. बाजारपेठेतल्या बायका, शाळेतल्या बाई, भाजीवाली मावशी. कुणी १०१ दिले, कुणी ५००. एक आजी म्हणाली, “माझ्या तिन्ही सुनांच्या लग्नातल्या साड्यांना तिनंच फॉल लावले, आणि एका साडीचे पैसे घेतले नाहीत.” या बायकांचे पैसे घ्यायचे आणि त्यांच्या नातींना अर्ज करायला बंदी घालायची, हे आपाला पटलं नसतं. सदका कुणाही गरजूला देता येतो. म्हणून जकातीची वही मुस्लिम मुलींसाठी, आणि दुसरी वही गल्लीतल्या कुठल्याही गरजू मुलीसाठी. भाईजानना हे मान्य व्हायला दोन आठवडे लागले. पण झालं.

वेळेचाही विचार करायला हवा. आपल्याकडे दान रमजानमध्ये निघतं आणि ईदपर्यंत संपतं. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, कॉलेजचे प्रवेश मात्र जून-जुलैतच होतात. जूनमध्ये मुलगी दारात येते तेव्हा उत्तर मिळतं, रमजानमध्ये यायला हवं होतं. म्हणून रमजानमध्ये जमलेल्या रकमेचा एक भाग जूनसाठी बाजूला राहील, अशी व्यवस्था आधीच करायला हवी. जकात देणाऱ्याला ते आधीच सांगावं आणि आलिमाला विचारून घ्यावं, म्हणजे नंतर मनात किंतू राहत नाही. सत्कार समारंभ बहुतेक ऑगस्टनंतर होतात. तोवर प्रवेशाची तारीख कधीच निघून गेलेली असते.

हिशेबाबद्दल एक सांगून ठेवतो. घरातल्या वर्गणीवर ८०जीची करसवलत मिळत नाही. त्यासाठी नोंदणीकृत आणि तशी मान्यता असलेली संस्था लागते. मोठी रक्कम जमवायची असेल तर वेगळा ट्रस्ट काढत बसण्यापेक्षा आधीच नीट चाललेल्या एखाद्या विश्वासू संस्थेतून ती द्यावी. परदेशातून पैसे येत असतील तर देणारा भारतीय नागरिक आहे की नाही हे बघावं, कारण परकीय नागरिकांची देणगी घ्यायला सरकारकडे वेगळी नोंदणी लागते. आणि कितीही छोटी रक्कम असली तरी वर्षाच्या शेवटी एका पानाचा हिशेब सगळ्या देणाऱ्यांना पाठवावा. १०१ रुपये देणाऱ्या मावशीलाही.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. फोटो. मोठा चेक, मागे बॅनर, पाच पाहुणे आणि मधे मान खाली घातलेली मुलगी. त्या फोटोत सगळे हसत असतात, ती सोडून. तो फोटो नंतर तिच्या वर्गाच्या ग्रुपवर जातो, होणाऱ्या सासरीही जातो. कुराणानंच सांगितलं आहे की उपकार मोजून दाखवून आणि दुखवून आपलं दान वाया घालवू नका. लोक म्हणतात, फोटो नसेल तर पुढच्या वर्षी देणगीदार देणार नाहीत. असतीलही असे देणगीदार. पण ज्या मुलीच्या शिक्षणासाठी आपण पैसे जमवतो, तिची मान खाली घालून ते जमवायचे असतील, तर आपण नक्की कुणासाठी जमवतोय?

मला विचारलं जातं, ‘टक्के नाही पाहायचे तर निवड कशी करायची? उद्या कुणीही येईल.’ प्रश्न बरोबर आहे. आम्ही वर्गशिक्षिकेला विचारणार आहोत की कोणती मुलगी नियमित येत होती आणि आता येणं बंद व्हायच्या बेतात आहे. निवडीला गल्लीतल्या दोन बायका बसतील, कारण कुणाच्या घरात काय शिजतं ते त्यांना आम्हा पुरुषांपेक्षा जास्त माहीत असतं. नात्यातली मुलगी असेल तर आम्ही भावंडं बाजूला होऊ. मुलगी पुढच्या वर्गात गेली की पुढच्या वर्षीचे पैसे. एखाद्या विषयात नापास झाली तरी मदत थांबणार नाही, आधी कारण विचारू. आपानं माझी पहिल्या वर्षाची एक एटीकेटी मशीनवर बसल्या बसल्या ऐकली होती. पाय थांबवला नव्हता. फक्त म्हणाली होती, “अगली बार निकाल.”

तुमच्याही घरात कुणीतरी गेलं असेल. भाऊ, बहीण, कुणीतरी लवकर गेलेलं. त्यांच्या नावानं काही करायचं मनात असेल तर सूचना लिहिण्याआधी तासभर त्या माणसाविषयी बोला. ते कुठं अडले होते? कोणत्या वयात, किती रुपयांसाठी? भाऊ रिक्षा चालवत होता आणि आयटीआय अर्धवट राहिलं असेल, तर आयटीआयच्या मुलाला हत्यारांचा संच द्या. बहीण नर्सिंगला जाऊ शकली नसेल, तर नर्सिंगला जाणाऱ्या मुलीचा मेसचा खर्च उचला. ती जागा तुम्हाला जितकी नीट माहीत आहे, तितकी कुठल्याच समितीला माहीत नाही.

बरसीला देग चढली, छोटी. कुराणखानी झाली. जोहरनंतर भाईजाननी नवा कागद वाचला. त्यात टक्क्यांची अट नव्हती, मान्यवर नव्हते. एवढंच होतं की बारावी पास झालेल्या आणि पैशाअभावी पुढं शिकता येत नसलेल्या मुलीनं किंवा तिच्या शिक्षिकेनं कळवावं, नाव कुठंही जाहीर होणार नाही. वाचून झाल्यावर त्यांनी भाचीकडे बघितलं. ती म्हणाली, “हां मामू, ही अम्मीला मिळाली असती.”

पहिला फोन त्याच आठवड्यात आला. मुलीला ५१ टक्के आहेत.